सव्वापट भक्ती

“त्यांना म्हणावं, पलंग तिकडून उचला,” मास्तर मुलीला म्हणाले.

‘ते’ म्हणजे जावई. आणि जावई काही परगावी नव्हता. त्याच पलंगाचं दुसरं टोक धरून मास्तरांपासून चार हातांवर उभा होता. मुलीनं निमूटपणे मान वळवली आणि म्हणाली, “बाबा म्हणतायत, उचल.” जावयानं उचलला.

गेली सहा वर्षं ह्या घरात सासरा-जावयाचा संवाद असा मुलीमार्फत चालला होता. भांडण म्हणाल तर नव्हतं. मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि तेवढ्या काळात ज्या एकाच मुलाला त्यांनी लागोपाठ दोन वर्षं नापास केलं, नेमका तोच त्यांच्या मुलीनं नवरा म्हणून पसंत केला. वर्गात साठ मुलं होती हो! पुढे त्या मुलानं घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान काढलं, मिक्सर, पंखे, इस्त्र्या ह्यांना त्याचा हात लागला की ती सुरू होतात असं नाव कमावलं, पण मास्तरांच्या लेखी तो अजून वर्तुळाच्या प्रकरणातच अडकलेला होता. ज्याला व्यास आणि परीघ ह्यांचा संबंध कळला नाही त्याला नवरा-बायकोचा काय कळणार, असं ते लग्नाच्या दिवशी म्हणाले होते. तेही मुलीलाच.

जावई मात्र बिचारा अजून त्यांना ‘सर’ म्हणत होता. सरांनी एकदा, फक्त एकदा, आपल्या तोंडाकडे बघून आपल्याशी बोलावं, एवढीच त्याची इच्छा होती. बरं बोलावं असंही नाही. शिव्या दिल्या असत्या तरी तो बायकोला आनंदानं सांगत सुटला असता.

तर पलंग उचलला. भिंतीला ओल आली होती, रंगारी दुसऱ्या दिवशी यायचा होता. पलंगाखालून चार खोकी निघाली आणि ती बघताच सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, “राहू दे, राहू दे, त्यात काही नाही, ती तशीच सरकवा पलीकडे.” असं म्हटल्यावर कुठली मुलगी खोकं उघडल्याशिवाय राहील? हिनं उघडलं. आत कॅसेटी होत्या. एकसारख्या, कागदसुद्धा न फाडलेल्या, अडतीस वर्षांपूर्वीच्या. प्रत्येकीच्या वेष्टणावर एक तरुण मनुष्य पांढराशुभ्र सूट घालून, एक हात बटणांच्या पेटीवर आणि दुसरा हृदयावर ठेवून, जाड चष्म्यातून थेट स्वर्गाकडे बघत होता. खाली लिहिलं होतं, ‘प्रकाशाच्या वेगाने : आधुनिक ख्रिस्ती भक्तिगीते’.

“बाबा! हे तुम्ही?”

मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. “रंगाऱ्याला यायला किती वेळ आहे ते बघ,” ते म्हणाले.

मग सासूबाईंनीच स्वयंपाकघरात नेऊन काय ते सांगितलं. मास्तर अठ्ठावीस वर्षांचे असताना त्यांना कुणीतरी परदेशातून सिंथेसायझर, म्हणजे ती बटणांची पेटी, आणून दिला. नव्या युगात प्रभूची स्तुती नव्या वाद्यावर व्हायला हवी, असं मास्तरांच्या मनानं घेतलं. त्यांनी स्वतः आठ गाणी लिहिली, ‘विश्वासाची बॅटरी’, ‘योनाची पाणबुडी’, ‘स्वर्गाला ट्रंककॉल’ अशी, स्वतःच चाली लावल्या, स्वतःच गायली, स्वतःच वाजवली. मदतीला माणूसच कुणी टिकला नाही. तीनशे कॅसेटी काढल्या. पाळकसाहेब भले गृहस्थ होते, त्यांनी एका रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर पेटीचं बटण दाबायला परवानगी दिली. बायबलातला योना माशाच्या पोटात तीन दिवस होता, हे मंडळींना ठाऊक होतंच, त्या गाण्यात ते तीन दिवस त्यांनी प्रत्यक्ष काढले. चौथ्या कडव्याला अर्धं देऊळ झोपलं. पाळकसाहेब व्यासपीठावरच्या खुर्चीत दचकून जागे झाले आणि मोठ्यानं “आमेन!” म्हणाले, तेव्हा योना अजून आतच होता. लोक उठून घरी गेले.

“एकोणीस कॅसेटी गेल्या,” सासूबाई म्हणाल्या. “सगळ्या नातेवाइकांत. त्यातल्या दोन पोस्टानं परत आल्या. त्या दिवसापासून ह्यांनी पेटी बांधून ठेवली ती ठेवलीच. मी म्हणते, झालं ते झालं, तू आता उकरून काढू नकोस.”

“गाणी चांगली आहेत का पण?”

सासूबाईंनी गॅस उगाच बारीक केला. “मनापासून केलीयत,” त्या म्हणाल्या.

मुलीला ती गाणी ऐकायचीच होती. घरात मास्तरांचा जुना टेपरेकॉर्डर होता, पण तो उघडला तर आतल्या रबरी पट्ट्याचा डांबरासारखा लगदा झालेला. जावई तो दुकानात घेऊन गेला. त्या मापाचा पट्टा आता कुठे मिळायचा? त्यानं आपल्या डब्यातला दुसराच एक पट्टा बसवला, तो जरा ढिला, घसरायचा. मग त्यानं कुठलाही दुरुस्तीवाला करील तेच केलं. मोटरच्या इवल्याशा पुलीवर जखमेला लावायची कापडी पट्टी दोन वेढे घट्ट गुंडाळली. पट्ट्यानं पकड घेतली, पुली फिरली, टेप वाजला. टेप वाजला म्हणजे दुरुस्त झाला, ह्यात शंका कसली घ्यायची?

आणि काय वाजला म्हणता! ‘विश्वासाची बॅटरी’ अशी उड्या मारत बाहेर पडली की दुकानात इस्त्री न्यायला आलेली बाई पाय आपटायला लागली. टुणटुण वाजणारे सूर, धावता ठेका आणि वर एक कोवळा, उंच, थोडासा घाबरलेला आवाज, “चार्ज कर रे मना, चार्ज कर रे मना!” जावई थक्क झाला. सर? हे सर?

मुलीनं ती आठही गाणी संगणकावर उतरवली आणि पांढऱ्या सुटातल्या फोटोसकट इंटरनेटवर चढवली. वडलांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, मग विचारायचं कशाला, असा तिचा सरळ हिशोब होता. पहिल्या आठवड्यात ती अकरा वेळा ऐकली गेली, त्यातल्या आठ वेळा तिनंच. तिसऱ्या आठवड्यात जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात विसरलेली गाणी गोळा करणाऱ्या एका छांदिष्टाच्या हाती ते लागलं आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. चाळीस हजार. लाख. भाषेचा ओ की ठो कळत नसलेली पोरं आपापल्या खोल्यांत ‘योनाची पाणबुडी’वर नाचून त्याचे व्हिडिओ टाकायला लागली. लोकांत वाद पेटला की हा गाणारा मुलगा आहे की मुलगी.

मास्तरांना ही बातमी न्हाव्याकडे कळली. अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्यानं फोन पुढे धरून विचारलं, “मास्तर, हे तुम्हीच ना?” मास्तर उरलेली अर्धी न करताच घरी आले.

आता घर डोक्यावर घेणार म्हणून मुलगी तयारीत उभी राहिली. मास्तर खुर्चीत बसले. “लाव,” म्हणाले. तिनं लावलं. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. तिसरं संपल्यावर त्यांनी घसा खाकरला.

“त्या वयात आवाज कोवळा होता,” ते म्हणाले. “लोक काय म्हणतायत ते छापून आण.”

दुसऱ्या दिवसापासून लोकांचे अभिप्राय छापून यायला लागले आणि मास्तर ते लाल पेनानं शुद्धलेखन सुधारत वाचायला लागले. ‘ही बाई देवदूत आहे’ ह्या वाक्यातलं ‘ही बाई’ खोडून त्यांनी वर ‘हा गृहस्थ’ लिहिलं आणि बाजूला बरोबरची खूणही केली.

आणि त्या रविवारी ती गोष्ट घडली. सगळे चहाला बसले होते. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि थेट जावयाच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “साखर पुरेशी आहे ना तुम्हाला?”

मुलीच्या हातातली बशी खाली पडली. सासूबाईंनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय की काय. जावई उभा राहिला. “हो सर! आहे सर!” म्हणाला. त्याच्या चहात साखर नव्हतीच, घालायची राहिली होती, पण तो कप त्यानं अमृत प्यावं तसा प्यायला.

“टेपरेकॉर्डर तुम्ही दुरुस्त केलात म्हणे,” मास्तर म्हणाले. “आवाज स्वच्छ आलाय. कामात सफाई आहे.”

रस्त्यानं घरी जाताना जावई बायकोला म्हणाला, “सफाई म्हणाले. ऐकलंस ना? सफाई!” हे त्यानं कोपऱ्यापर्यंत चार वेळा विचारलं. तिनं चारही वेळा ऐकलं होतं.

असे महिनाभर सुखाचे दिवस गेले. मास्तर रोज जावयाच्या दुकानावरून चक्कर मारायला लागले, आत येऊन बसायला लागले. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. एकदा तर एक बिघडलेला पंखा बघत बघत त्यांनी म्हटलं, “माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी एकच बेरीज चुकली. तुला मी ओळखलं नाही.” जावयानं तोंड फिरवून पंख्यात घातलं. रडू आलं होतं त्याला, लपवायचं कशाला!

आणि मग एका दुपारी गिऱ्हाइकानं त्याच्याकडे एक जुना, चांगल्या कंपनीचा टेपरेकॉर्डर आणून दिला, नुसता साफ करायला. साफ झाल्यावर वाजवून बघायला म्हणून जावयानं ‘प्रकाशाच्या वेगाने’ची एक न उघडलेली कॅसेट फोडून आत घातली. बटण दाबलं.

“चाऽऽऽर्ज… कऽऽर… रे… मऽऽनाऽऽ…”

एक जाड, गंभीर, खोल आवाज, कुणी भरलेलं कपाट एकटंच ढकलत न्यावं तसा येत होता. जावयाला वाटलं, यंत्र मंद आहे. त्यानं ते खोललं, तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत कॅसेटची एक बाजू पूर्ण वाजवली. तीस मिनिटं. वेष्टणावरही तीसच मिनिटं छापलेली. मग मास्तरांचा टेपरेकॉर्डर मागवून घेतला आणि तीच बाजू त्याच्यावर वाजवली. चोवीस मिनिटं.

 जावयानं टेपरेकॉर्डरचं झाकण काढलं. पुलीवर त्यानंच गुंडाळलेली ती कापडी पट्टी, दोन वेढे, जाडजूड. पुली जाड झाली म्हणजे पट्टा जास्त ओढला जाणार, पट्टा जास्त ओढला की टेप पळणार. वर्तुळाचं प्रकरण! सगळं जग ज्या गाण्यावर नाचत होतं ते सरांनी गायलेलंच नव्हतं. सरांनी गायलेलं गाणं हे होतं, देऊळ झोपवणारं.

सरांना सांगायचं तर सहा वर्षांनी मिळालेली साखर गेली. आणि नुसती साखर नाही, सरांनाही परत त्या पलंगाखाली ढकलल्यासारखं होणार. जावई तसाच उठून सासूबाईंकडे गेला. मास्तर फिरायला गेले होते.

“आई, एक फार वाईट गोष्ट झालीय,” तो म्हणाला. “टेप जोरात पळतोय. म्हणजे गाणी, ती मुळात—”

“संथ आहेत,” सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या. “मला पहिल्या दिवशी कळलं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“लग्नाआधी सहा महिने तालमीला बसवायचे मला. मला माहीत नसणार? ह्यांना हो म्हणाले ती गाणं संपावं म्हणून.” त्यांनी एक शेंग मोडली. “अडतीस वर्षांत पहिल्यांदा ती गाणी मला ऐकायला बरी वाटतायत. परवा भांडी घासताना मी गुणगुणत होते. तू एक अक्षर बोललास तर बघ.”

“पण आई, सर रोज सराव करतायत. तो आवाज काढायला बघतायत. घसा बसलाय त्यांचा.”

हे खरं होतं. कुणी प्रत्यक्ष गायला सांगितलं तर, ह्या विचारानं मास्तर रोज सकाळी गच्चीवर जाऊन स्वतःच्याच तरुणपणीच्या आवाजाशी शर्यत लावत होते. शेजारची दोन कुत्री त्यांना साथ द्यायला लागली होती. गरम पाणी, मध, गळ्याला मफलर सगळं झालं, तो वरचा सूर काही लागत नव्हता. “वय झालं,” असं मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणत आणि जावयाचं काळीज चिरत जाई.

त्यानं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तीनदा केला. पहिल्या वेळी त्यानं “सर, एक बोलायचं होतं” म्हटलं, तर मास्तर म्हणाले, “बोल की, आता आपल्यात परकेपणा कसला?” झालं! जीभच उचलेना. दुसऱ्या वेळी मास्तरांनी त्याला स्वतःची जिवापाड जपलेली भूमितीची कंपासपेटी भेट दिली. तिसऱ्या वेळी तर त्यानं तोंड उघडायच्या आत मास्तरांनीच एक पत्र पुढे केलं.

पत्र एका रेकॉर्डवालीचं होतं. जुन्या, हरवलेल्या संगीताच्या तबकड्या काढायचा तिचा छोटासा उद्योग होता. तिला ‘प्रकाशाच्या वेगाने’ची मोठी काळी तबकडी काढायची होती, जाड पुठ्ठ्याच्या वेष्टणात, पांढऱ्या सुटातल्या फोटोसकट. येत्या शनिवारी ती स्वतः येणार होती. खाली लिहिलं होतं, ‘इंटरनेटवरची प्रत मला चालणार नाही. मी माझं यंत्र घेऊन येते आणि मूळ कॅसेटवरूनच उतरवून घेते.’

“माणसं अशी काटेकोर असावीत,” मास्तर म्हणाले. “तू माझ्या शेजारी बस हं शनिवारी. यंत्रातलं आपल्याला काय कळतंय?”

जावयाला दोन रात्री झोप लागली नाही. त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती वडलांना सांगितल्याशिवाय राहिली नसती, सहा वर्षांची सवय.

शनिवारी सकाळी रेकॉर्डवाली आली. तिशीची, आखूड केसांची, चाकांच्या पेटीतून एक यंत्र आणलेलं. ते तिनं समोरच्या खोलीत टेबलावर असं अलगद ठेवलं की सासूबाईंनी टेबलावरचं फडकं आपणहून बदललं. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, गळ्यात मफलर. जावई त्यांच्या शेजारी, खुर्चीच्या कडेवर.

“आधी मी माझं यंत्र तपासून घेते,” ती म्हणाली. तिनं एक चाचणीची कॅसेट लावली, एकसुरी शिट्टी वाजली, छोट्या पडद्यावर आकडे उमटले. “बघा सर, वेग अगदी अचूक. हजारात एकाचाही फरक नाही.”

“वा!” मास्तर म्हणाले. “यंत्र असावं तर असं.”

तिनं खोक्यातली कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

“चाऽऽऽर्ज… कऽऽर… रे…”

 रेकॉर्डवालीनं भुवया उंचावून पडद्याकडे पाहिलं, मग कॅसेटकडे, मग परत पडद्याकडे. मुलगी “हे काय?” म्हणून अर्धी उठली. सासूबाईंनी जुन्या सवयीनं एक जांभई दाबली. गाणं आपलं पाऊल पाऊल पुढे जात होतं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. अख्खं कडवं झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“तुमचं यंत्र मंद आहे,” ते म्हणाले.

“सर, आत्ता तर तुमच्यासमोर तपासलं—”

“मंद आहे. बिघडलंय. गाणं माझं आहे की तुमचं?”

चौतीस वर्षं ज्या माणसानं अर्ध्या मार्कासाठी कुणाचे लाड केले नाहीत, तो आकडे समोर लखलखत असताना धडधडीत खोटं बोलत होता, आणि बोलताना त्याचे कान लाल झाले होते. जावयाला ते बघवेना.

“यंत्र बरोबर आहे सर,” तो उभा राहून म्हणाला. शाळेत उभा राहायचा तसाच, हात मागे. “चूक माझी आहे. मी मोटरच्या पुलीवर कापडी पट्टी गुंडाळली होती. म्हणून टेप पळाला. म्हणून आवाज बारीक झाला. गेले पंधरा दिवस मला माहीत आहे, मी सांगितलं नाही.”

मुलगी तोंडावर हात ठेवून खाली बसली. सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

मास्तरांनी खिशातून लाल पेन काढलं. समोर पडलेला अभिप्रायांचा एक कागद उलटा केला.

“पुलीचा व्यास किती?”

“आठ मिलिमीटर, सर.”

“पट्टीची जाडी?”

“अर्धा मिलिमीटर.”

“वेढे?”

“दोन.”

“मग नवा व्यास?”

“नऊ, सर.”

“गाढवा!” मास्तर गरजले. घसा बसलेला असूनही ते घोगरं गरजणं पुढच्या गल्लीपर्यंत गेलं असेल. “पट्टी पुलीच्या एकाच बाजूला बसते होय? दोन्ही बाजूंनी वाढतो व्यास! तेव्हाही हेच चुकला होतास, दोन्ही वर्षं!”

“दहा, सर. दहा.”

“दहा भागिले आठ. सव्वापट,” मास्तरांनी कागदावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. “तरीच. योनाचं गाणं मी सव्वासहा मिनिटांचं गायलं होतं. इंटरनेटवर तो पाच मिनिटांत माशाच्या पोटातून बाहेर आला. घड्याळ लावून बघितलं होतं मी, पहिल्याच दिवशी. फक्त कारण सापडत नव्हतं.”

आता मात्र जावई खुर्चीत बसला. सासूबाईही बसल्या.

“तुम्हाला माहीत होतं?” त्या म्हणाल्या. “मग बोलला का नाहीत?”

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “लोक ऐकत होते ना,” ते म्हणाले.



“अडतीस वर्षं मी विचार करतोय की त्या गाण्यांत काय चुकलं,” मास्तर पुढे म्हणाले. “शब्द तपासले, सूर तपासले. रविवारी देवळात मागच्या बाकावर बसून तेच. देवानं माझं काहीच ऐकलं नाही का, असंसुद्धा वाटायचं. वेग तपासायचं डोक्यात आलं नाही. आणि ह्या गाढवानं एका दुपारी, न समजता, जखमेच्या पट्टीनं—” त्यांनी चष्मा काढला आणि मफलरानं पुसायला घेतला.

“मग घसा कशाला फोडत होतात रोज गच्चीवर?” मुलगी ओरडली.

“उद्या कुणी प्रत्यक्ष गा म्हटलं तर? आपलं बिंग आपणच सांभाळायला नको?”

 रेकॉर्डवालीनं हळूच यंत्रावरची एक कळ फिरवली आणि पडद्यावरचा आकडा सव्वापटीला आणून ठेवला. ‘विश्वासाची बॅटरी’नं टुणकन उडी मारली. सासूबाईंचा पाय जमिनीवर ठेका धरायला लागला. मास्तरांनी तो पाय पाहिला आणि गाणं संपेपर्यंत पायाकडेच बघत राहिले.

“सर, ठरवायचं तुम्ही,” रेकॉर्डवाली म्हणाली. “तबकडीवर कुठला वेग घालू? तुम्ही गायलात तो, की लोकांना आवडला तो?”

मास्तर जावयाकडे वळले. “माझी रीत माहीत आहे ना तुला? उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या बरोबर हव्यात. तुझ्या सगळ्या पायऱ्या चुकल्या आणि उत्तर बरोबर आलं. अशा पेपराला मी जन्मभर शून्य दिलंय.” त्यांनी रेकॉर्डवालीला सांगितलं, “सव्वापट घाला. आणि वेष्टणावर ह्याचंही नाव टाका. माझ्या नावाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.”

जावयाला एकदम हुंदका आला. मास्तरांनी आपला मफलर काढून त्याच्याकडे फेकला. “पूस,” म्हणाले. थेट त्यालाच म्हणाले.

मग चहा झाला, सह्या झाल्या. रेकॉर्डवाली यंत्र पेटीत घालायला लागली तसे मास्तर उठले. “थांबा जरा,” म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. कपाटाच्या डोक्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. परत आले ते छातीशी एक खोकं धरून.

“हा दुसरा भाग,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा वेष्टणावरच्या त्या पांढऱ्या सुटातल्या माणसासारखा दिसायला लागला होता. “पहिल्याचं असं झालं म्हणून बाहेरच काढला नाही. ‘ईयोबाची सहनशीलता’. बायबलातला ईयोब, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले, तरी ज्यानं देव सोडला नाही, तो. चौदा गाणी आहेत. हा पहिल्यापेक्षा थोडा सावकाश आहे.”

“थोडा?” सासूबाईंनी विचारलं.

“ईयोबाला घाई नव्हती,” मास्तर म्हणाले आणि जावयाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. “आता कुठला वेग कुठल्या गाण्याला हे आपण दोघं मिळून काढू. प्रत्येक गाणं आधी मूळ वेगात दोनदा ऐकायचं, मग गणित मांडायचं. उद्यापासून दुकान दुपारी बंद ठेव. सकाळी फिरायलाही ये माझ्याबरोबर, मी तुला पहिल्यापासून समजावून सांगतो. ईयोबाला फोड आले तिथून धर…”

ते बोलत राहिले. सहा वर्षं ज्या माणसानं आपल्याशी एक शब्द बोलावा म्हणून जावई झुरला होता, तो माणूस आता थांबायचं नाव घेईना. बोलता बोलता मास्तरांनी पहिली कॅसेट लावलीसुद्धा. पंधरा मिनिटं झाली तरी ईयोबाचा अजून एकच बैल गेला होता, आणि त्याच्याकडे बैल पुष्कळ होते. जावयानं मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती रेकॉर्डवालीला सोडायच्या निमित्तानं केव्हाच सटकली होती.

सासूबाई उठल्या. पदर खोचला, पायांत चपला घातल्या, पर्स घेतली.

“मी माहेरी जाऊन येते,” त्या म्हणाल्या.

“आई,” जावई काकुळतीला येऊन म्हणाला, “तुमच्या माहेरी आता कुणीच नाही ना?”

“म्हणूनच जातेय,” सासूबाई म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.